गोल्फ स्कूलचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते पाच दिवसांच्या गोल्फ शिबिराला जाण्याचा विचार करणाऱ्या, किंवा नुकतेच जाऊन आलेल्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उत्तरांतील उजवा-डावा हा उल्लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या दृष्टीने आहे. डावखुऱ्यांनी तो उलटा वाचावा.

गोल्फ स्कूल आणि क्लबमधले नेहमीचे साप्ताहिक धडे यांत नेमका फरक काय?

साप्ताहिक धड्यात प्रशिक्षक आपल्याला साधारण अर्धा ते एक तास पाहतो, एखादी दुरुस्ती सुचवतो आणि मग आठवडाभर आपण आपल्यापुरते खेळतो. शिबिरात तोच प्रशिक्षक सकाळी रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर), दुपारी पटिंग ग्रीनवर (जिथे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलतात त्या बारीक कापलेल्या गवतावर) आणि संध्याकाळी प्रत्यक्ष कोर्सवर आपल्याबरोबर असतो, त्यामुळे आपल्या खेळातील दोष कुठून कुठे पसरला आहे हे त्याला एकत्र दिसते. रेंजवर सरळ जाणारा चेंडू कोर्सवर पाण्याचा अडथळा समोर येताच उजवीकडे का पळतो, याचे उत्तर अर्ध्या तासाच्या धड्यात सापडणे अवघड असते. शिबिराची मर्यादाही ध्यानात घ्यावी. चार दिवसांत माहिती भरपूर मिळते. शरीराला सवय लागायला मात्र त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून शिबिराचे खरे फळ पुढच्या दोन-तीन महिन्यांत मिळते आणि ते मिळावे अशी व्यवस्था शिबिराला जाण्याआधीच करून ठेवावी लागते. खालील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच मुद्दा आहे.

मी आजवर स्टिक हातातही धरलेली नाही. थेट शिबिराला जावे का?

जाण्यास हरकत नाही, आणि एका अर्थी ते फायद्याचेही आहे, कारण मोडावी लागेल अशी कोणतीही जुनी सवय आपल्याला नसते. तरीही त्याआधी जवळच्या रेंजवर तीन-चार सकाळी जाऊन यावे, असे माझे मत आहे. चेंडू जमिनीवर स्थिर असूनही तो नीट लागत नाही हा अनुभव एकदा घेतला की शिबिरात प्रशिक्षक ग्रिपवर (स्टिक पकडण्याच्या पद्धतीवर) आणि उभे राहण्याच्या पद्धतीवर इतका वेळ का घालवतो, हे आपोआप समजते. शिबिर पूर्णपणे नवख्यांसाठी आहे की मिश्र आहे, हे मात्र नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शिबिर निवडताना कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला प्रश्न एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील, हा असावा. चार जणांपर्यंतचा गट उत्तम समजावा. आठ-दहा जणांच्या गटात आपल्या वाट्याला दिवसातून मोजकीच मिनिटे येतात आणि उरलेला वेळ आपण एकट्याने चेंडू मारत बसतो, जे घराजवळच्या रेंजवर कमी खर्चात करता आले असते.

दुसरा प्रश्न जागेविषयीचा आहे. सराव गवतावर होणार की कृत्रिम मॅटवर, हे अवश्य विचारावे. मॅटवर स्टिक चेंडूच्या दोन इंच मागे पडली तरी ती घसरत पुढे जाते आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. तोच फटका गवतावर मारला तर स्टिक मातीत रुतते आणि चेंडू जागच्या जागी राहतो. म्हणजे मॅट आपला दोष झाकते. सगळा सराव मॅटवरच असेल तर निदान कोर्सवरचे धडे पुरेसे आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. चिपिंगसाठी (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यासाठी) स्वतंत्र ग्रीन आणि सरावाचा बंकर (वाळूचा खड्डा) आहे का, हेही विचारावे, कारण मुंबईसारख्या शहरात जागेची टंचाई असल्यामुळे या दोन गोष्टींवर पहिली काट बसते.

तिसरा प्रश्न शुल्काचा आहे. सांगितलेल्या रकमेत रेंजचे चेंडू, ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे शुल्क), कॅडीचे (स्टिक वाहणाऱ्या मदतनीसाचे) मानधन, भाड्याच्या स्टिक, जेवण आणि जीएसटी यांपैकी काय काय धरले आहे, हे लेखी मागावे. महाराष्ट्रातील अनेक कोर्स सदस्यांच्या क्लबांचे आहेत, आणि तिथे पाहुण्याला आठवड्याच्या कोणत्या दिवशी कोर्सवर उतरता येते याचे नियम प्रत्येक क्लबचे वेगळे असतात. खारघरला सिडकोने उभारलेल्या कोर्ससारख्या ठिकाणी बाहेरच्या माणसालाही खेळता येते. दिल्लीत डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्सही याच धर्तीचा आहे. शिबिर संपल्यानंतर आपण कुठे खेळणार, याचा विचार शिबिर निवडतानाच केलेला बरा.

प्रशिक्षकाची पात्रता कशी ओळखावी?

इंडियन गोल्फ युनियनच्या छत्राखाली नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया ही संस्था प्रशिक्षकांना शिकवून श्रेणीनिहाय प्रमाणपत्र देते. आपल्या प्रशिक्षकाकडे हे किंवा परदेशातील एखाद्या पीजीएचे (व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेचे) प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. व्यावसायिक स्पर्धा खेळणारा खेळाडू आणि शिकवणारा प्रशिक्षक ही दोन वेगळी कौशल्ये आहेत; दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण तसे गृहीत धरू नये. शक्य असल्यास नाव नोंदवण्यापूर्वी त्या प्रशिक्षकाचा एखादा धडा लांबून पाहावा. तो दहा मिनिटांत दहा सूचना देत असेल तर दुसरीकडे चौकशी करावी. शिकाऊ माणसाला आधी चार-पाच चेंडू मारू देऊन, गप्प राहून, मग एकच गोष्ट सांगणारा प्रशिक्षक जवळजवळ नेहमीच चांगला निघतो.

शिबिरासाठी कोणता काळ योग्य?

पश्चिम महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. जून ते सप्टेंबर या काळात जमीन भिजलेली असते, उंच आलेला चेंडू मातीत रुतून बसतो, पुढे घरंगळत नाही, आणि सराव अचानक आलेल्या सरीवर अवलंबून राहतो. मे महिन्यात सुट्टी असल्यामुळे मुलांची शिबिरे भरतात, पण मोठ्यांनी त्या उन्हात सलग सहा तास शिकण्याची अपेक्षा ठेवू नये. मे महिन्यातच जावे लागणार असेल तर दुपारी चार तासांची सुट्टी असलेले वेळापत्रक निवडावे. पुण्यातील हिवाळी सकाळी ग्रीनवर दव असते आणि त्यामुळे चेंडू हळू धावतो. सकाळी आठला आणि अकराला एकाच ग्रीनवर पट (चेंडू होलकडे ढकलण्याचा फटका) मारून पाहिल्यास हा फरक सहज कळतो आणि तो शिकण्यासारखाही आहे.

जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

थोडाफार खेळणाऱ्यांनी आपल्या शेवटच्या काही फेऱ्यांची साधी नोंद करून न्यावी. प्रत्येक होलवर टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू फेअरवेत (मधल्या कापलेल्या गवतात) राहिला की उजवीकडे-डावीकडे गेला, ग्रीनपर्यंत पोचायला किती फटके लागले आणि ग्रीनवर किती पट झाले, एवढे तीन रकाने पुरेत. ‘माझा ड्रायव्हर (टीवरून लांब फटका मारायची स्टिक) वाईट आहे’ असे सांगणाऱ्या माणसाच्या कागदावर पुष्कळदा असे दिसते की ड्रायव्हरने त्याचे दोन-तीन फटके वाया जातात, आणि ग्रीनच्या आसपासच्या तीस-चाळीस यार्डांत सात-आठ. असा कागद हाती असल्यास प्रशिक्षकाचा पहिला दिवस अंदाज बांधण्यात जात नाही.

शरीराची तयारी त्याहून जास्त दुर्लक्षिली जाते. एरवी दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस शिबिरात एकदम शेकडो वेळा कंबर वळवतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा स्विंग (स्टिक फिरवण्याची हालचाल) थकव्यामुळेच बिघडलेला असतो. निदान तीन आठवडे आधीपासून रोज अर्धा तास चालणे, कंबर आणि खांदे मोकळे करण्याचे व्यायाम, आणि आठवड्यातून दोनदा पन्नासेक चेंडू मारण्याची सवय ठेवावी. पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच जावे आणि तो त्रास प्रशिक्षकाला पहिल्याच तासाला सांगावा. बहुतेक स्विंग शरीराला सोसेल असे बदलता येतात.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहून न्यावे. ‘खेळ सुधारणे’ हे उद्दिष्ट फार मोघम आहे. त्यावर प्रशिक्षक काहीच ठरवू शकत नाही. ‘शंभराच्या आत अठरा होल पूर्ण करणे’, ‘टीवरून उजवीकडे जाणारा चेंडू आटोक्यात आणणे’ किंवा ‘बंकरमधून एका फटक्यात बाहेर येणे’ अशी वाक्ये त्याच्या उपयोगी पडतात.

स्वतःच्या स्टिक असणे आवश्यक आहे का? सोबत काय न्यावे?

नवख्याने शिबिरापूर्वी पूर्ण संच विकत घेऊ नये. नियमानुसार फेरीत चौदा स्टिक नेता येतात, पण शिकण्याच्या काळात ड्रायव्हर किंवा फेअरवे वूड (लांब फटक्यांसाठी), दोन-तीन आयर्न (मधल्या अंतरासाठी), एक वेज (जवळच्या उंच फटक्यासाठी) आणि एक पटर (पटसाठी) यांवर उत्तम भागते. उंची आणि हाताची लांबी पाहून कोणत्या मापाची स्टिक घ्यावी, हे प्रशिक्षकाला शिबिरातच विचारावे. डावखुऱ्यांनी भाड्याचा संच मिळेल का, हे आधी फोन करून ठरवावे, कारण तो सगळीकडे नसतो. स्वतःच्या स्टिक असल्यास त्याच न्याव्यात. ग्रिपचे रबर गुळगुळीत झाले असेल तर ते आधी बदलून घ्यावे.

कॉलरचा टी-शर्ट, जीन्स सोडून दुसरी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची शॉर्ट्स, टोपी, सनस्क्रीन, भरपूर पाणी, बोटांसाठी चिकटपट्टी आणि एक छोटी वही, एवढे सामान पुरते. हातमोजा डाव्या हातात घातला जातो. मुंबईच्या दमट हवेत तो तासाभरात ओला होतो, म्हणून दोन न्यावेत आणि आलटून पालटून वापरावेत.

इंग्रजी फारसे बोलता येत नाही. अडचण येईल का?

फारशी येऊ नये. ग्रिप, स्टान्स, स्विंग, फेस, टी, बंकर असे पंधरा-वीस शब्द सर्वत्र तेच वापरले जातात, आणि ते ऐकून ऐकून दोन दिवसांत अंगवळणी पडतात. उरलेले बोलणे हिंदीत किंवा मराठीत करण्यास प्रशिक्षकाला स्पष्टपणे सांगावे. पुण्या-मुंबईच्या कोर्सवर मराठी बोलणारे कॅडी असतात. ते वर्षानुवर्षे तोच कोर्स पायी तुडवत असतात आणि त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः उत्तम खेळतात. एखादी सूचना समजली नाही तर मान डोलावू नये. ‘म्हणजे मी आता नेमके काय वेगळे करू?’ हा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारावा.

प्रशिक्षकाने ग्रिप बदलली आणि आता एकही चेंडू धड लागत नाही. जुनी ग्रिप पुन्हा धरू का?

धरू नये. ग्रिप हा शरीर आणि स्टिक यांचा एकमेव सांधा आहे, आणि तो बदलला की इतर सगळे काही काळ परके वाटते. नव्याने काय करायचे ते नीट पाहून घ्यावे. डाव्या हाताची मूठ बांधताना स्टिकचा दांडा तळहातातून आडवा जाऊ नये. तो करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत, म्हणजे बोटांत यावा आणि तळहाताची मांसल गादी वरून त्यावर टेकावी. खाली पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची हाडे दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये पडणारी घडी उजव्या खांद्याच्या दिशेने असावी. उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर चढवावी, डाव्या तर्जनीत अडकवावी की दहाही बोटे दांड्यावर ठेवावीत, हे हाताच्या आकारावर ठरते. लहान हातांच्या लोकांना शेवटचे दोन प्रकार सोपे जातात.

ही ग्रिप अंगवळणी पाडण्यासाठी चेंडू मारण्याची गरज नाही. घरी बातम्या पाहताना हातात स्टिक घेऊन वीस-तीस वेळा पकडावी, सोडावी, पुन्हा पकडावी. डोळे मिटून पकडली तरी हात बरोबर जागी बसतात, असे झाले की काम झाले.

माझा चेंडू सतत उजवीकडे वळतो. शिबिरात हे कायमचे बंद होईल का?

चार दिवसांत कारण नक्की कळेल. सवय जायला पुढचे काही महिने लागतील. कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक जण नेमका उलटा उपाय करतात. चेंडू निघतो तो प्रामुख्याने फटक्याच्या क्षणी स्टिकचा फेस (चेंडूला लागणारा भाग) जिकडे पाहतो तिकडे, आणि हवेत वळतो तो फेस आणि स्टिकच्या येण्याचा मार्ग यांतील फरकामुळे. स्टिक बाहेरून आत, म्हणजे उजवीकडून डावीकडे कापत आली आणि त्या मार्गाच्या मानाने फेस उघडा राहिला की चेंडू उजवीकडे वळतो. तो उजवीकडे जातो म्हणून माणूस अधिकाधिक डावीकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळे स्टिक आणखी आडवी कापत येते, आणि चेंडू आणखी वळतो.

शिबिरात यावर दोन साध्या गोष्टी करून घ्याव्यात. जमिनीवर दोन स्टिक आडव्या ठेवाव्यात, एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याकडे रोखलेली आणि दुसरी पावलांच्या रेषेत तिला समांतर, आणि प्रशिक्षकाला मागे उभे करून आपण खरोखर कुठे रोखून उभे आहोत हे पाहावे. उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे फेसवर पायाला मारायच्या पावडरचा हलका फवारा मारून चेंडू मारावा. चेंडू कुठे लागला याचा गोल ठसा त्यावर उमटतो. ठसा टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) आहे की टोकाकडे, हे दहा चेंडूंनंतर पाहिले की पुष्कळ वाद मिटतात.

शिबिरात जितके जास्त चेंडू मारावेत तितके चांगले, हे खरे का?

नाही. चेंडू आणि फेस यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या क्षणी काही दुरुस्त करता येत नाही, जे करायचे ते आधीच करावे लागते. म्हणून प्रत्येक चेंडूमागे एक चेंडू नसलेला, सावकाश स्विंग आणि पंधरा-वीस सेकंदांचा विराम असावा. बादलीतला एकामागून एक चेंडू ओढून मारणारा माणूस घाम गाळतो, पण त्यातला बहुतेक वेळ तो आपली चूकच पक्की करत असतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत डाव्या हाताच्या बोटांना फोड आले तर ग्रिप फार घट्ट आहे, असे समजावे आणि प्रशिक्षकाला दाखवावे.

आयर्नचा सराव गवतावर करताना चेंडूकडे पाहण्याऐवजी जमिनीकडे पाहावे. चेंडूच्या दोन्ही बाजूंना दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) खोचून एक काल्पनिक रेषा करावी. फटक्यानंतर निघालेला गवताचा तुकडा त्या रेषेपासून किंवा तिच्या पुढून, लक्ष्याच्या बाजूने सुरू झालेला असावा. तो मागून सुरू होत असेल तर चेंडू कितीही चांगला उडाला तरी फटका चुकलेलाच आहे.

ड्रायव्हर, आयर्न, चिपिंग, पटिंग यांना किती किती वेळ द्यावा?

माझे मत ठाम आहे: शिबिराचा निम्मा वेळ ग्रीनच्या शंभर यार्डांच्या आत गेला पाहिजे, आणि शिबिराच्या वेळापत्रकात तो नसेल तर मागून घेतला पाहिजे. पार ७२ च्या कोर्सवर पारच्या (निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटक्यांच्या) हिशेबात प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ पट धरलेले असतात, म्हणजे निम्मे फटके. शिकाऊ माणसाचे पट याहून जास्त होतात. लांब फटका मारण्यासाठी शरीराची ताकद, लवचिकता आणि वय आड येते. एक मीटरवरचा पट आणि वीस यार्डांवरची चिप मात्र पन्नाशीच्या पुढचा नवखा माणूसही नीट शिकू शकतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या गोल्फपटू अदिती अशोक चौथ्या आल्या, तेव्हा लांब फटका मारण्यात त्या मैदानातील बहुतेक खेळाडूंच्या मागे होत्या. त्यांनी पदकाच्या शर्यतीत शेवटच्या दिवसापर्यंत तग धरला तो पटिंगच्या जोरावर. आपल्याकडे अनेकांनी त्या पहाटे प्रथमच गोल्फ पाहिले. त्या पाहिलेल्यातून एकच गोष्ट शिबिराला घेऊन जायची असेल तर ही न्यावी.

पटिंगसाठी पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद अंतरावर दोन टी खोचून त्यामधून पटर नेण्याचा सराव करावा. पटर टीला लागला की लगेच आवाज येतो, कोणी सांगावे लागत नाही. अंतराचा अंदाज येण्यासाठी तीन, सहा आणि नऊ पावलांवरून आलटून पालटून पट मारावेत, आणि चेंडू होलच्या पुढे एक हातभर थांबेल इतक्या वेगाचे लक्ष्य ठेवावे. होलचा व्यास फक्त १०८ मिलिमीटर आहे. लांबून तो गाठण्यापेक्षा जवळ थांबणे हेच खरे काम.

बंकरची भीती एका तासात निम्मी होते. सरावाच्या बंकरमध्ये वाळूवर बोटाने एक रेघ काढावी आणि चेंडू न ठेवता, स्टिक त्या रेघेवरच वाळूत शिरेल असे स्विंग करावेत. ते जमले की रेघेच्या पुढे दोन इंचांवर चेंडू ठेवावा. ग्रीनजवळच्या बंकरमधील साध्या फटक्यात स्टिक चेंडूला लागतच नाही. वाळू त्याला बाहेर काढते. प्रत्यक्ष खेळात फटक्यापूर्वी चेंडूच्या लगत पुढे-मागे स्टिक वाळूला टेकवता येत नाही, हा नियमही तिथेच विचारून घ्यावा.

व्हिडिओ आणि लाँच मॉनिटरचे आकडे किती महत्त्वाचे?

पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, समोरून आणि मागून, कमरेच्या उंचीवरून काढलेले व्हिडिओ अवश्य घ्यावेत. आपल्याला जे वाटते आणि आपण जे करतो यांतील अंतर पाहण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. लाँच मॉनिटरवर (स्टिक आणि चेंडूची हालचाल मोजणाऱ्या यंत्रावर) वीस आकडे दिसतात. त्यांपैकी प्रशिक्षक सांगेल ते एक-दोनच पाहावेत. प्रत्येक स्टिकने चेंडू हवेतून किती यार्ड जातो, याची यादी मात्र लिहून घ्यावी. त्यात सर्वांत लांब गेलेला चेंडू धरू नये, सरासरी धरावी.

गटातील इतर जण माझ्यापेक्षा पुढे आहेत. संकोच वाटतो.

इतरांच्या धड्याच्या वेळी चेंडू मारणे थांबवून दोन पावले मागे उभे राहावे आणि प्रशिक्षक काय पाहतो आहे, ते पाहावे. आपलाच दोष दुसऱ्याच्या अंगावर चटकन दिसतो. बाकी, गोल्फमध्ये समोरच्याच्या चेंडूशी आपल्याला काही करायचे नसते.

कोर्सवरील धड्यातून काय घ्यावे?

त्या दिवशी गुण (म्हणजे एकूण फटके; जितके कमी तितके चांगले) मोजू नयेत. कोणती स्टिक निवडावी, कुठे रोखावे, अडचणीतून निघताना किती सावध राहावे, हे निर्णय तिथेच शिकता येतात. झाडांमागे चेंडू गेला की प्रशिक्षकाला आधी आपला बेत सांगावा आणि मग त्याचा ऐकावा. शिष्टाचारही याच वेळी शिकावेत : दुसरा खेळाडू फटका मारत असताना स्तब्ध राहणे, उखडलेले गवत परत बसवणे, बंकरमधील पावलांचे ठसे दाताळ्याने पुसणे, ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा दुरुस्त करणे, दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय न देणे. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. कॅडीला फटक्याआधी ग्रीनचा उतार विचारावा. त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांशी जुळले नाही तर त्याचे मानावे.

नोंदी कशा ठेवाव्यात?

दर तासाच्या शेवटी, प्रशिक्षकाच्या शब्दांत नव्हे तर आपल्याला शरीरात जे जाणवले त्या शब्दांत लिहावे. ‘उजवी कोपर बरगडीला घासत आली’ हे तीन आठवड्यांनी वाचून आठवते. ‘स्विंग प्लेन सुधारला’ हे आठवत नाही. शेवटच्या दिवशी वही प्रशिक्षकासमोर ठेवून त्याला दोनच गोष्टी निवडायला सांगाव्यात, आणि त्यांच्यासाठी प्रत्येकी एक सराव लिहून घ्यावा. बाकीची पाने काही महिने मिटून ठेवावीत.

शिबिराहून परतलो आणि खेळ आधीपेक्षा बिघडला. पैसे वाया गेले का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. जुनी सवय सुटलेली असते आणि नवी बसलेली नसते, अशा मधल्या काळात गुण, म्हणजे फटके, वाढणे अपेक्षितच आहे. या काळात दोन चुका घातक ठरतात. पहिली म्हणजे शनिवारच्या फेरीत मित्रांसमोर शोभा नको म्हणून जुन्या स्विंगकडे परतणे. दुसरी म्हणजे यूट्यूबवर आणखी उपाय शोधणे. तिथला सल्ला चुकीचाच असतो असे नाही. तो आपला स्विंग न पाहता दिलेला असतो, आणि नव्या प्रशिक्षकाच्या सूचनेशी तो बहुधा भांडतो.

पहिले सहा आठवडे गुण मोजणे बाजूला ठेवावे आणि आठवड्यातून तीनदा पाऊण तास सराव करावा. पहिल्या दोन आठवड्यांत एकच हालचाल सावकाश, अर्ध्या वेगाने, पुन्हापुन्हा करणे ठीक आहे. त्यानंतर मात्र सराव मिसळावा : एक चेंडू सात नंबर आयर्नने, पुढचा वेजने, त्यापुढचा ड्रायव्हरने, प्रत्येक वेळी वेगळे लक्ष्य आणि चेंडूमागून चालत येऊन पुन्हा उभे राहणे. एकाच स्टिकने सलग पन्नास चेंडू मारले की त्या दिवशी खूप सुधारल्यासारखे वाटते, पण ती सुधारणा दुसऱ्या दिवशी टिकत नाही. मिसळलेल्या सरावात त्या दिवशी फटके वाईट जातात आणि शिकलेले जास्त टिकते. कौशल्ये शिकण्यावरील संशोधनात हे अनेक खेळांत आढळले आहे. शिवाय कोर्सवर एकच फटका लागोपाठ दोनदा मारण्याची वेळ क्वचितच येते.

आमच्या गावाजवळ रेंजच नाही. मग शिबिराचा उपयोग टिकेल कसा?

ग्रिप, उभे राहणे आणि पटिंग या तिन्ही गोष्टींना रेंज लागत नाही. घरातल्या फरशीवर पट मारता येतात, मात्र फरशी ग्रीनपेक्षा वेगवान असते, म्हणून तिथे केवळ दिशेचा सराव करावा. अंतराचा सराव ग्रीनवरच होतो. अंगणात किंवा गच्चीवर जाळी लावून अर्धे स्विंग करता येतात. खरा चेंडू मारण्याआधी जाळी तो पेलते का, आणि मागे कोणी उभे नाही ना, हे दोनदा पाहावे. गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि अतिशय कठीण असतो. खुल्या मैदानात, मुले खेळत असताना, तो कधीही मारू नये. महिन्यातून एकदा कोर्सवर जाता आले तरी हा घरचा सराव फुकट जात नाही.

मुलांना कोणत्या वयात पाठवावे?

अदिती अशोक बेंगळुरूत पाच वर्षांच्या असताना खेळू लागल्या, पण तो नियम समजू नये. मूल तासभर उन्हात रमते का आणि पुन्हा जायचे म्हणते का, एवढेच पाहावे. लहान मुलांना मोठ्यांच्या स्टिक कापून देऊ नयेत. त्या जड आणि ताठ राहतात आणि मुलाचा स्विंग सुरुवातीपासूनच वाकडा होतो. मुलांच्या वजनाच्या दोन-तीन स्टिक पुरतात. धडा चालू असताना पालकांनी दोरीबाहेरून सूचना देऊ नयेत.

पुन्हा शिबिराला कधी जावे?

वहीतील त्या दोन गोष्टी विचार न करता होऊ लागल्यानंतर. तोपर्यंत सहा आठवड्यांनी त्याच प्रशिक्षकाचा एक तास घ्यावा, किंवा त्याला व्हिडिओ पाठवून तपासून घ्यावा. शिबिराचे शुल्क भरतानाच असा पाठपुरावा त्यात आहे का, हे विचारता येते. क्लबचे सदस्यत्व असल्यास दरम्यान हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, खेळ सुधारला की तो उतरतो) काढून घ्यावा. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत तो ५४ पर्यंत मिळतो, त्यामुळे नवख्यानेही लाजण्याचे कारण नाही, आणि तीन-चार महिन्यांतील त्याचा उतार पाहिला की पुढच्या शिबिरात ग्रीनजवळचा खेळ घ्यायचा की टीवरचा, हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवता येते.